सेटवरची बंदूक: नवख्या सहाय्यकाने काय पाहावे, काय विचारावे आणि कधी थांबवावे

सेटवर बंदुकीचे दृश्य असले की सगळ्यांची सावधगिरी एका क्षणात गोळा होते. 'ॲक्शन'ची आरोळी होताच माणसे श्वास रोखतात, कानांवर हात जातात, आणि बार उडून 'कट' झाला की सगळे सैल होऊन पुढच्या शॉटच्या तयारीला लागतात. गाजलेल्या अपघातांची हकिगत मात्र नीट वाचली, तर मूळ चूक या क्षणात क्वचितच सापडते. ती त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, म्हणजे वाट पाहण्यात, तालमीत किंवा आधीच्या दृश्यानंतर आवराआवर करताना झालेली असते.

१२ ऑक्टोबर १९८४ रोजी जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकी अभिनेता एका दूरचित्रवाणी मालिकेच्या सेटवर ताटकळत बसला होता. कंटाळून त्याने ब्लँक, म्हणजे दारू असलेले पण गोळी नसलेले काडतूस, भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने स्वतःच्या कानशिलाला लावले आणि चाप ओढला. सहा दिवसांनी तो दगावला. ३१ मार्च १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलायनामधील विल्मिंग्टन येथे 'द क्रो'च्या चित्रीकरणात अभिनेता ब्रँडन ली याचा मृत्यू झाला तो प्रत्यक्ष टेकमध्ये, परंतु त्याला लागलेली गोळी त्याआधीच्या एका दृश्यापासून नळीत अडकून पडली होती आणि मधल्या काळात त्या नळीत कोणीही डोकावले नव्हते. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोमध्ये 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा बळी गेला आणि दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले, तेव्हा टेक सुरूही झालेला नव्हता. एका शॉटची तयारी चालू होती.

दिग्दर्शन, कला, छायाचित्रण किंवा निर्मिती विभागात नुकतेच रुजू झालेल्या सहाय्यकांसाठी हा लेख आहे. तो वाचून कोणी शस्त्र हाताळायला शिकणार नाही, आणि शिकूही नये. ते शिक्षण प्रत्यक्ष, जाणकाराच्या देखरेखीखाली घ्यायचे असते. शस्त्र जवळपास असताना आपण काय पाहायचे, कोणाला काय विचारायचे आणि काम कोणत्या शब्दांत थांबवायचे, एवढेच येथे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: पटकथा वाचतानाच बंदुकीची निवड

पटकथेत 'तो पिस्तूल काढतो' असे लिहिलेले असते, पण कोणते पिस्तूल, हे लिहिलेले नसते. म्हणून दृश्यांची विभागणी करतानाच बंदुकीच्या प्रत्येक दृश्यासमोर ती कॅमेऱ्यापासून किती दूर आहे, तिचा बार उडताना दिसायचा आहे का, आणि नळी कोणाच्या दिशेने असणार आहे, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. हे टिपण समोर असले की बहुतेक दृश्यांना खऱ्या शस्त्राची गरजच नाही, असे आपोआप लक्षात येते.

लांबच्या शॉटमध्ये, धावपळीत, झटापटीत किंवा कमरेला नुसते लटकवण्यासाठी रबरी बंदूक पुरते. जवळच्या शॉटमध्ये, पण बार न उडवता दाखवायची असेल, तर गोळी झाडण्याची यंत्रणाच नसलेली धातूची प्रतिकृती चालते. बार उडाल्यासारखे दिसायला हवे असेल, तर वायूवर चालणारी एअरसॉफ्ट बंदूक वापरता येते. तिचा वरचा भाग खऱ्या पिस्तुलासारखा मागेपुढे होतो, आणि नळीच्या तोंडाशी उठणारी ज्वाला व आवाज संकलनाच्या वेळी भरता येतात. 'रस्ट'च्या दुर्घटनेनंतर काही दिवसांतच 'द रूकी' या अमेरिकी मालिकेच्या निर्मात्यांनी खरी शस्त्रे बंद करून हीच पद्धत स्वीकारली. अर्थात एअरसॉफ्टही खेळणे नव्हे. तिच्यातला प्लास्टिकचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून ती छर्ऱ्यांशिवायच सेटवर आली पाहिजे.

एवढे झाल्यावर जी थोडी दृश्ये उरतात, त्यांच्यासाठी ब्लँकचा विचार करावा. ब्लँकने जे मिळते ते खोटे नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. हाताला बसणारा धक्का, अंधाऱ्या खोलीत क्षणभर चेहऱ्यांवर पडणारा पिवळा उजेड, नकळत मिटणाऱ्या पापण्या, हे सारे संगणकावर जुळवणे कष्टाचे असते आणि दिग्दर्शक त्यासाठी आग्रह धरतो तेव्हा त्याला कारण असते. पण त्या आग्रहाची किंमत वेळ, माणूस आणि पैसा या तिन्हींत मोजावी लागते. ती मोजायची तयारी नसेल, तर निर्णय पटकथेच्या टेबलावरच बदलावा, सेटवर नव्हे.

दुसरी पायरी: तीन काडतुसे ओळखणे

शस्त्राशी तुमचा संबंध येवो न येवो, सेटवर दिसणारी काडतुसे ओळखता आली पाहिजेत. खऱ्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी मधोमध बसवलेली छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आत बंदुकीची दारू, आणि तोंडाशी बसवलेली शिशाची किंवा तांब्याने मढवलेली गोळी. चाप ओढला की घोडा किंवा आतली कांडी प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते.

ब्लँक काडतुसात गोळी नसते, पण बाकी सगळे असते. नळकांड्याचे तोंड चुण्या घालून दाबून बंद केलेले असते, किंवा दारू सांडू नये म्हणून कागदाचा अथवा प्लास्टिकचा बोळा ठासलेला असतो. 'गोळी नाही, मग धोका कसला' हा गैरसमज येथूनच सुरू होतो. चाप ओढल्यावर नळीतून तप्त वायू, न जळलेल्या दारूचे कण आणि तो बोळा प्रचंड वेगाने बाहेर येतात; हेक्समच्या कवटीचे हाड याच माऱ्याने फुटून आत गेले. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका संगीत-व्हिडिओच्या चित्रीकरणात ब्लँक भरलेल्या शॉटगनचा बार छातीत लागून एक स्टंटमन मरण पावला. हॉलिवूडमधील कामगार संघटना आणि निर्माते यांच्या संयुक्त समितीने सुरक्षेविषयी जी पत्रके काढली आहेत, त्यांतले पहिलेच पत्रक बंदुका आणि ब्लँक यांच्यावर आहे, आणि ब्लँकने जीव जाऊ शकतो, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे.

तिसरा प्रकार डमी काडतुसाचा. रिव्हॉल्व्हर समोरून दाखवायचे असेल तर फिरत्या चक्राच्या घरांतून गोळ्यांची टोके दिसतात; घरे रिकामी असली तर प्रेक्षकाला ते कळते, म्हणून डमी भरतात. हिच्यात गोळी असते, पण दारू नसते आणि प्रायमर निकामी असतो. गोंधळ होतो तो येथेच, कारण डमी दिसायला हुबेहूब खऱ्या काडतुसासारखी असते. किंबहुना तशी दिसावी म्हणूनच ती केलेली असते. ओळखीच्या खुणा तीन. काही डम्यांच्या पितळी अंगाला आरपार भोक पाडलेले असते, काहींच्या बुडाशी प्रायमरच नसतो किंवा तो ठोकून चेपलेला असतो, आणि काहींत दारूऐवजी एक छर्रा टाकलेला असतो. शेवटच्या प्रकारची डमी कानाजवळ धरून हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. खरे काडतूस तसे वाजत नाही.

ही तपासणी कशी दिसते, ते एकदा जवळून पाहून घ्यावे. शस्त्रप्रमुख, म्हणजे सेटवरच्या शस्त्रांची जबाबदारी असलेला माणूस, टेबलावर पांढरे फडके अंथरतो, सहा डम्या एका रांगेत उभ्या करतो, एकेक उचलून आधी बूड पाहतो, मग अंगावरचे भोक पाहतो, मग कानाशी नेऊन हलवतो आणि दुसऱ्या रांगेत ठेवतो. सहाच्या सहा दुसऱ्या रांगेत गेल्याखेरीज एकही चक्रात जात नाही. या सगळ्याला मिनिटभर लागते. तेवढ्या वेळात मागून कोणी 'चला, उशीर होतोय' असे म्हणाले, तर शस्त्रप्रमुखाने एक ते सहा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे, असे माझे मत आहे. एकदोन वेळा असे झाले की घाई करणारा आपोआप गप्प बसतो.

ब्रँडन लीच्या बाबतीत डमी चित्रीकरणाच्या चमूनेच तयार केल्या होत्या. खऱ्या काडतुसांच्या गोळ्या उपसून दारू ओतून टाकली आणि गोळ्या परत बसवल्या, पण प्रायमर जिवंत राहिला. तशा डमीवर चाप ओढला गेला तेव्हा प्रायमरच्या एवढ्याशा जोराने गोळी नळकांड्यातून निघून नळीत शिरली आणि तेथेच रुतली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले, आणि ब्लँकच्या पूर्ण दारूने ती रुतलेली गोळी खऱ्यासारखी सुटली. म्हणून डमी कधीही सेटवर बनवू नये. ती माहितीच्या पुरवठादाराकडूनच यावी. आणि खरे काडतूस तर सेटवर, शस्त्रांच्या गाडीत किंवा वाहनतळावर कोणाच्या खाजगी पिशवीतही येता कामा नये. 'रस्ट'च्या तपासात डम्यांमध्ये मिसळलेली खरी काडतुसे सापडली; ती मिसळली गेल्यावर दृश्याचा प्रकार कोणताही असता, तरी धोका तोच होता.

तिसरी पायरी: शस्त्राला एकच मालक

शस्त्रप्रमुख, ज्याला सेटवर सगळे आर्मररच म्हणतात, त्याच्याशिवाय बार उडवणारे शस्त्र पेटीतून बाहेर काढू नये. त्याच्याकडे त्या ठिकाणच्या कायद्याप्रमाणे लागणारा परवाना आहे का, शस्त्रे ने-आण करण्याची परवानगी काढली आहे का, हे निर्मिती विभागाने आधीच तपासायचे असते. नवख्याने एवढेच पाहावे, की कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या आणि माणसांच्या यादीवर, शस्त्रप्रमुखाचे नाव स्वतंत्र ओळीत आहे, आणि त्या दिवशी त्याच्या नावावर दुसरे कोणतेही काम नाही.

हे शेवटचे वाक्य मी जाणूनबुजून लिहिले आहे. 'रस्ट'वर शस्त्रांची जबाबदारी असलेल्या व्यक्तीलाच साहित्य विभागात सहाय्यकाचेही काम दिलेले होते, असे न्यू मेक्सिकोच्या कामगार-सुरक्षा विभागाच्या तपासात पुढे आले. दुर्घटनेच्या काही दिवस आधी त्याच सेटवर नकळत बार उडाले होते, तरी काम थांबवून कारण शोधले गेले नव्हते. त्या विभागाने २०२२ मध्ये निर्मिती संस्थेला १,३६,७९३ डॉलर दंड ठोठावला, जो पुढे तडजोडीत १ लाख डॉलरवर आला. शस्त्रप्रमुखाला २०२४ मध्ये १८ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. पहिल्या सहाय्यक दिग्दर्शकाने आरोपाला आव्हान न देता सहा महिन्यांची परिवीक्षा (प्रोबेशन) स्वीकारली. बंदूक हातात असलेल्या अभिनेत्यावरचा खटला मात्र सरकारी पक्षाने पुरावा दडवल्याच्या कारणावरून न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. कायद्याचा निकाल कोणाबाबत काय लागला हा वेगळा विषय. कामाच्या दृष्टीने पाहिले तर शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक ठिकाणी तपासणी व्हायला हवी होती, आणि प्रत्येकाने ती आपल्याआधीच्या माणसाने केली असेल असे गृहीत धरले.

चौथी पायरी: चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीपर्यंत

किती शस्त्रे, कोणत्या प्रकारची, किती ब्लँक आणि किती डमी, याची यादी नोंदवहीत आकड्यांत लिहिलेली असावी. ब्लँक आणि डमी वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावून, कुलपात ठेवावीत, आणि शस्त्रे त्या डब्यांपासून वेगळी. किल्ली एकाकडेच असावी. ही व्यवस्था कंटाळवाणी वाटते, पण रात्री मोजणी करताना एक काडतूस कमी पडले तर ते कोठे शोधायचे, हे याच नोंदवहीवरून कळते.

अभिनेत्याला शस्त्राची ओळख चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मेकअपच्या खुर्चीत करून देणे, ही आळशी सवय आहे. निदान एक सत्र आधी व्हावे. त्यात बोट चापावर न ठेवता चापाबाहेर सरळ कसे ठेवायचे, नळी कोणत्या दिशेने धरायची, आणि 'कट' झाल्यावर शस्त्र कोणाच्या हातात द्यायचे, एवढे अंगवळणी पडेपर्यंत करून घ्यावे. एखाद्याला बंदुकीची भीती वाटत असेल तर ती लपवू देऊ नये; घाबरलेला माणूस डोळे मिटून चाप ओढतो.

ब्लँक किती दारूचे घ्यायचे, हेही आधीच ठरते. पूर्ण, अर्धा आणि पाव अशा प्रमाणांत ती मिळतात, आणि बंद खोलीतल्या दृश्याला पाव पुरत असताना पूर्ण घेण्यात शहाणपण नाही. अंतर ठरवताना शस्त्रप्रमुखाला चाचणी करून दाखवायला सांगावे. तो ठरलेल्या अंतरावर पुठ्ठा उभा करतो आणि तेच शस्त्र, तेच ब्लँक घेऊन त्यावर बार उडवतो. पहिल्या अंतरावर पुठ्ठ्याला भगदाड पडते, थोडे मागे नेले की काळे टिपके आणि बारीक भोके उरतात, आणखी मागे नेले की पुठ्ठा कोरा राहतो. कोऱ्या पुठ्ठ्याच्याही मागे माणसाची जागा ठरवायची. अशी एक चाचणी पाहिलेल्या माणसाला ब्लँकविषयी व्याख्यान द्यावे लागत नाही.

शिवाय परिसरातील पोलीस आणि आसपासचे रहिवासी यांना आगाऊ कळवावे. उघड्यावर रबरी बंदूक घेऊन पळणारा अभिनेताही दुरून पाहणाऱ्याला अभिनेता वाटत नाही.

पाचवी पायरी: त्या दिवशीची सभा आणि उघडी बंदूक

पहिले शस्त्र पेटीतून निघण्याआधी सेटवरच्या सगळ्यांना एकत्र बोलवावे. 'सगळ्यांना' म्हणजे चहा देणाऱ्या मुलापासून त्या दिवशीच पाहुणा म्हणून आलेल्या निर्मात्याच्या नातेवाइकापर्यंत. पहिला सहाय्यक दिग्दर्शक दृश्य सांगतो, शस्त्रप्रमुख शस्त्र सांगतो: कोणते आहे, किती बार उडणार, कोणत्या दिशेने, कोणी कोठे उभे राहायचे, आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता. ज्याला थांबायचे नाही त्याने निघून जावे, आणि त्याबद्दल कोणी त्याला नंतर काही बोलू नये.

यानंतर शस्त्र उघडून दाखवले जाते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात क्रम महत्त्वाचा असतो: आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, काढायचे, मग वरचा भाग मागे ओढून काडतुसाचे घर पाहायचे. हा क्रम उलटा केला, तर घर रिकामे केल्यासारखे वाटते, आणि सोडताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस गुपचूप आत जाऊन बसते. साध्या रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला निघते आणि सगळी घरे एकदम दिसतात. पण जुन्या धाटणीच्या, कथा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची असली की लागणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला निघत नाही. बाजूची छोटी झडप उघडून, चक्र फिरवत, एका वेळी एकच घर पाहावे लागते. सहा घरे असतील तर सहा वेळा. 'रस्ट'वर याच प्रकारचे रिव्हॉल्व्हर होते, आणि आपल्याला तीनच काडतुसे पाहिल्याचे आठवते, सगळी पाहायला हवी होती, असे पहिल्या सहाय्यक दिग्दर्शकाने तपास अधिकाऱ्यांना सांगितले. शेवटी नळीत बॅटरीचा उजेड टाकून आरपार पाहायचे, पण पुढून नव्हे, तर मागूनच.

शस्त्र रिकामे असेल तर 'कोल्ड गन' आणि ब्लँक भरले असेल तर 'हॉट गन' अशी घोषणा मोठ्याने केली जाते. ही घोषणा माहिती देण्यासाठी असते, तिला तपासणी समजू नये. ज्याच्या हातात शस्त्र येणार आहे, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, आणि अभिनेत्याने 'मला दाखवा' म्हटले तर त्यात कोणाचा अपमान होत नाही. चांगला शस्त्रप्रमुख तर तसे न म्हणणाऱ्यावर नाराज होतो.

सहावी पायरी: तालीम

तालमीला रबरी बंदूक. या नियमाला अपवाद ठेवू नये, कारण तालमीत माणसे नियमांपासून सर्वांत दूर असतात. कॅमेऱ्याची चौकट शोधली जात असते, छायाचित्रणकार आणि दिग्दर्शक अगदी नळीसमोर वाकून पाहत असतात, अभिनेता संवाद आठवत हात वरखाली करत असतो. 'फक्त होल्स्टरमधून काढून दाखव', 'जरा इकडे वळव, भिंगात चमकतेय' अशा सूचना सुरू असतात आणि शस्त्र त्या प्रत्येक सूचनेबरोबर कोणाच्या तरी अंगावरून फिरते. खऱ्या शस्त्राचे वजन हातात हवे, असे अभिनेत्याने सांगितले, तर वजनदार रबरी बंदूक मागवावी.

सातवी पायरी: टेक

खरे शस्त्र टेकच्या अगदी आधी, शस्त्रप्रमुखाच्या हातून थेट अभिनेत्याच्या हातात जाते. मध्ये सहाय्यक दिग्दर्शक नाही, वेशभूषावाला नाही, 'मी देतो' म्हणणारा कोणीच नाही. नळी कोणाही माणसाच्या दिशेने नसावी. समोरच्या पात्रावर नेम धरल्यासारखे दिसायला हवे असेल, तर कॅमेऱ्याचा कोन असा लावता येतो की नेम बाजूला असूनही पडद्यावर सरळ दिसतो. जुने छायाचित्रणकार हे सहज करतात. नळी कॅमेऱ्याकडेच असली पाहिजे असा शॉट असेल, तर कॅमेरा पक्का बसवून दुरून चालवावा आणि त्याच्यापुढे जाड पारदर्शक ढाल असावी. मागे माणूस नको.

बार उडताना फक्त नळीच्या पुढेच धोका असतो असेही नाही. रिव्हॉल्व्हरचे चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाजूला फेकला जातो. पिस्तुलातून निघणारे रिकामे नळकांडे सहसा उजवीकडे उडते आणि ते चटका बसेल इतके तापलेले असते. अभिनेत्याच्या उघड्या कॉलरमध्ये ते शिरले, तर तो शस्त्रासह उडी मारेल, हे लक्षात घेऊन कपडे ठरवावेत. केवळ ब्लँकसाठी बनवलेल्या काही बंदुकांची नळी पुढून बंद असते आणि वायू वरून किंवा बाजूने निघतो, म्हणजे 'पुढे कोणी नाही' हे त्यांच्याबाबत पुरेसे नसते. बंदुकीचा आवाज सहसा १४० डेसिबलच्या वर जातो आणि एवढा आवाज एकदाच ऐकूनही कानाचे कायमचे नुकसान होऊ शकते. बंद खोलीत तो आणखी तीव्र होतो. जवळच्या प्रत्येकाला कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षण द्यावे, अभिनेत्याला दिसणार नाहीत असे बोळे द्यावेत.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर गडबड करू नये. शस्त्र त्याच सुरक्षित दिशेने स्थिर धरून निदान ३० सेकंद थांबावे, कारण दारू उशिरानेही पेटू शकते. मग ते शस्त्रप्रमुखाने हातात घ्यावे. नळीत डोकावून 'काय झाले' पाहण्याची उबळ सर्वांनाच येते. आवाज नेहमीसारखा न होता नुसता 'फुस्स' झाला, तर ते आणखी गंभीर समजावे: नळीत काहीतरी अडकले असू शकते. दुसरा बार उडवण्याआधी नळी साफ असल्याची खात्री झालीच पाहिजे, मग सूर्य मावळत असो वा नसो.

आठवी पायरी: 'कट' नंतर

'कट' ऐकल्यावर बोट चापाबाहेर, नळी खाली सुरक्षित दिशेला, आणि अभिनेता जागेवरच उभा. शस्त्रप्रमुख येऊन शस्त्र घेतो, रिकामे करतो, दाखवतो आणि मोठ्याने सांगतो; त्यानंतरच कोणी हालचाल करायची. रिटेक लगेच असला तरी हा क्रम तसाच.

उमेदवारीच्या काळात एका सेटवर मी असे पाहिले, की जेवणाची सुट्टी झाली आणि एक अभिनेता कमरेचे पिस्तूल तसेच ठेवून पंगतीला येऊन बसला. ते रबरी आहे, असे तिघांनी मला सांगितले. मी नवा होतो, म्हणून मला तिघांचे पटले. सुट्टी संपल्यावर शस्त्रप्रमुख घामाघूम होऊन ते शोधत आला, तेव्हा कळले की ते ब्लँक उडवणारे होते आणि मॅगझिनमध्ये दोन ब्लँक शिल्लक होती. तेव्हापासून 'रबरी आहे' हे वाक्य मी बंदुकीकडून ऐकतो, माणसाकडून नाही. म्हणजे शस्त्रप्रमुखाने उघडून किंवा वाकवून दाखवल्यावर.

काम थांबवण्याचे शब्द

नवख्याची खरी अडचण नियम ठाऊक नसणे ही नसते. समोर नावाजलेला अभिनेता, पन्नास माणसे खोळंबलेली, आणि आपण कालपरवा आलेले, अशा वेळी तोंड उघडत नाही. म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. 'थांबा, मी शस्त्र उघडलेले पाहिले नाही' हे वाक्य पुरेसे आहे. त्यात कोणावर आरोप नाही, आणि त्याला 'पाहा मग' यापलीकडे उत्तरही नाही. ते पहिल्या सहाय्यक दिग्दर्शकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणावे. शेजाऱ्याच्या कानात कुजबुजणे म्हणजे न म्हणणेच. खूप गोंधळ असेल तर दोन्ही हात वर करून नुसते 'थांबा' म्हणावे. तुमची शंका दहापैकी नऊ वेळा फोल निघेल. तरीही पहिला सहाय्यक दिग्दर्शक जाणता असेल, तर त्या नऊही वेळा तो 'बरे विचारलेत' असे सर्वांसमोर म्हणतो, कारण दहाव्या वेळी तुम्ही गप्प बसू नयेत हे त्याला हवे असते. शंका विचारल्याबद्दल जेथे ओरडा बसतो, तेथे बंदुकीच्या दृश्यापुरते तरी मागे उभे राहण्याचा तुमचा हक्क बजावा आणि निर्मिती विभागाला लेखी कळवा.

अपघात झालाच, तर काम थांबवून आधी जखमीकडे वैद्यकीय मदत पोहोचवावी. बार उडण्याच्या दिवशी प्रथमोपचार करणारी व्यक्ती आणि वाहन सेटवरच असले पाहिजे. शस्त्र सुरक्षित करण्यापलीकडे कोणीही हाताळू नये, रिकामे नळकांडे उचलू नये, फुटेज पुसू नये, आणि पोलीस येईपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवावी.

दिवसाची शेवटची मोजणी

दिवस संपताना सगळे थकलेले असतात आणि सामान गाडीत फेकले जात असते. शस्त्रप्रमुख त्या वेळी पेटीपाशी बसून नोंदवही उघडतो: सकाळी २४ ब्लँक निघाले, १७ उडाले, म्हणजे ७ परत हवेत आणि रिकामी नळकांडी १७. गवतात पडलेले एक नळकांडे सापडत नसेल, तर तुम्ही बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर शोधायला जा. नवख्याला करता येण्याजोगे हे त्या दिवसातले सर्वांत उपयोगी काम असते. डम्या पुन्हा एकेक हलवून डब्यात जातात, नळ्या उजेडात पाहून पुसल्या जातात, शस्त्रांचे क्रमांक यादीशी जुळवले जातात. कुलूप लागून नोंदवहीवर दोन सह्या झाल्या, की मग दिवसाच्या अहवालात पॅक-अपची वेळ लिहावी.